सहा नंबरच्या आजी

वॉर्डातल्या सहा नंबरच्या आजी कुणाशीच बोलत नसत. नर्सिंगच्या पहिल्या वर्षातल्या दोन रूममेटपैकी एकीशी मात्र त्या बोलू लागल्या. मानसशास्त्राच्या मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रुग्णाला बोलतं कसं करायचं, ते हिच्याकडून शिका."

दुसरीचा जळफळाट झाला. संख्याशास्त्रात ती वर्गात पहिली होती, पण आता त्याचंही तिला काही वाटेना. तिने मैत्रिणीशी अबोला धरला. पंधरा दिवसांनी न राहवून ती एकटीच आजींच्या कॉटपाशी गेली.

"आजी, माझी मैत्रीण तुम्हाला असं काय विचारते हो?"

"विचारते कसली! माझा हात धरून रडते पोरगी. ते संख्याशास्त्रातलं विचलन का काय, तिच्या डोक्यातच शिरत नाही. नापास होईन म्हणते. मग मी तरी गप्प कशी बसू?"

आजींनी पांघरूण सारखं केलं.

"मी म्हटलं, अगं, ज्याला येतं त्याला विचार की. तर म्हणते, माझ्या रूममेटला येतं, पण ती हल्ली माझ्याशी बोलतच नाही."