चौथ्या रांगेतला डावा बूट

बुरखेधारी गुप्त टोळीची मिरवणूक मेन स्ट्रीटवर आली तेव्हा साव्हेरियो फुटपाथवर धापा टाकत उभा होता आणि पायांकडे बघत होता. तोंडं दिसण्याचा प्रश्नच नव्हता. टोकदार पांढरी टोपी, तिला डोळ्यांपुरती दोन भोकं, खाली घोट्यापर्यंत पांढरा झगा. पण बूट उघडे होते, आणि गावातल्या निम्म्या बुटांचे तळ साव्हेरियोनेच ठोकलेले होते.

घरी त्याची बायको असुंता दुपारपासून अडली होती. शेजारच्या नोरा डूलीने आजवर अकरा बाळंतपणं केली होती, पण बाळाचा एकच पाय आधी बाहेर आला तशी ती म्हणाली, "पायाळू आहे रे. हे माझ्या हातचं काम नाही. डॉक्टर प्रूइटला आण. धाव!"

दार डॉक्टरच्या बायकोने उघडलं. ते एका पेशंटकडे गेलेत, असं ती म्हणाली. कुठल्या, हे मात्र तिला सांगता येईना. साव्हेरियोला समजायचं ते समजलं, आणि तो मिरवणुकीकडे धावला.

मिरवणुकीच्या पुढे दोघांनी फलक धरला होता : 'दारू, जॅझ आणि पोप, तिघांनाही गावाबाहेर काढा.' साव्हेरियो कॅथलिक, त्याच्या भिंतीवर पोपची तसबीर होती, तळघरात घरची द्राक्षाची दारू होती आणि शनिवारी त्याचा ग्रामोफोन नाचाच्या रेकॉर्डी वाजवायचा. तिन्ही गुन्हे एकाच छपराखाली. बँडवर भजन चाललं होतं. केस कापलेल्या दोन पोरी आइस्क्रीम खात मजा बघत होत्या.

पहिल्या रांगेत शाळेचे हेडमास्तर होते, दुसरीत खाटीक. तिसऱ्या रांगेतल्या बुटांना त्याने याच मंगळवारी टाचा लावल्या होत्या. चौथ्या रांगेत, कडेला, तपकिरी बूट दिसले. डाव्याच्या तळात बुचाचा एक जादा थर होता. डॉक्टरचा डावा पाय बोटभर आखूड आहे, हे त्याच्या बायकोखेरीज फक्त साव्हेरियोला माहीत होतं. ते त्याने सहा वर्षं पोटात ठेवलं होतं.

तो रस्त्यावर उतरला आणि त्या बुटांच्या बरोबरीने चालू लागला.

"डॉक्टर," तो हळूच म्हणाला, "असुंता अडलीय. बाळ पायाळू आहे."

बूट चालतच राहिले.

"ए लसूणखाऊ उपऱ्या!" शेजारचा झगा खेकसला. "रांगेत कुठे घुसतोस? हो बाजूला!"

साव्हेरियोने खाली पाहिलं. "मिस्टर क्लेपूल, तुमची दुसरी जोडी सोमवारी मिळेल."

क्लेपूलचं पाऊल चुकलं. मागच्या रांगेत कुणीतरी गुडघे वाकवून चालायला लागला, झग्याखाली बूट झाकायला.

साव्हेरियोला संताप आला होता आणि संतापाहून जास्त भीती वाटत होती. ती टोपी उपटावी आणि चौकात नाव घेऊन ओरडावं, असं त्याला वाटलं. पण तसं केलं तर डॉक्टर पुन्हा त्याच्या दारात पाऊल ठेवणार नाही. तो ओरडला नाही.

"एक पाय बाहेर आलाय, डॉक्टर. एकच."

डावा बूट थांबला. मग दोन्ही बूट रांगेतून बाहेर पडले आणि धान्याच्या दुकानामागच्या बोळात शिरले. तिथे डॉक्टरने टोपी उपटून झग्याखालच्या पँटच्या खिशात कोंबली. त्याचा चेहरा घामाने निथळत होता.

"कसं ओळखलंस?"

"बूट मीच केलेत."

"आणखी कुणाकुणाला ओळखलंस?"

"ते मागाहून विचारा. आधी पळा."

औषधांची पेटी डॉक्टरच्या मोटारीत होती. दारात झगा पाहून नोराने छातीवर क्रूसाची खूण केली. "ते आधी उतरवा अंगावरून," ती म्हणाली. "नाहीतर बाळ परत आत जायचं." डॉक्टरने झगा खुर्चीवर टाकला, बाह्या सारल्या आणि आतल्या खोलीत गेला.

पाऊण तास साव्हेरियो दाराबाहेर उभा होता. त्याला असुंताचं ओरडणं ऐकवत नव्हतं, आणि ते थांबलं तेव्हा त्याहून सहन होईना. मग डॉक्टरचा आवाज आला, "कापड द्या, कापड! गार पडतंय पोर!" घरातल्या सगळ्या चादरी रक्ताने भिजल्या होत्या. नोरा धावत बाहेर आली, खुर्चीवरचा झगा उचलून आत पळाली. बराच वेळ काहीच ऐकू येईना. नंतर पोर रडलं. साव्हेरियो तिथेच उंबऱ्यावर बसला आणि तोही रडला.

मुलगी होती. डॉक्टरने हात धुतले, बाह्या खाली केल्या आणि पलंगापाशी घुटमळत उभा राहिला. झग्यात गुंडाळलेली पोर असुंताच्या कुशीत झोपली होती. बँड आता नदीकडे गेला होता, तिथे भाषणं व्हायची होती.

"तुमचा झगा खराब झाला," असुंता म्हणाली. झगा कसला ते तिला ठाऊक होतं. "सोमवारी धुऊन, इस्त्री करून ठेवते. न्यायला याल ना?"

डॉक्टर पोरीकडे बघत राहिला. "नको," तो म्हणाला. "न्यायला नाही येणार."

"मग हिला लंगोट शिवते. कापड चांगलं आहे." तिने त्याच्या खिशाबाहेर डोकावणाऱ्या टोकाकडे बोट दाखवलं. "टोपी तेवढी घेऊन जा, डॉक्टर. तिला भोकं आहेत."