बारावी यादी

ग्लेनिसने सहकारीण रॉबिनच्या नावाचा बिल्ला छातीवर लावला आणि आरशात बघून सरळ केला. तिच्या स्वतःच्या बिल्ल्याची पिन सोमवारीच तुटली होती. बिल्ल्याशिवाय काउंटरवर उभं राहिलेलं मॅनेजर क्रेगला चालत नसे. भलत्याच नावाचा बिल्ला चालत असे.

शनिवारची पाळी खरं तर रॉबिनची. तीही ग्लेनिसने सोमवारीच, भेटींच्या वहीत आजच्या जोडप्याची नावं वाचल्या वाचल्या, मागून घेतली होती. कारण सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. जून संपायच्या आत लग्नाच्या आहेराच्या बारा याद्या झाल्या नाहीत, तर काउंटर बंद आणि ग्लेनिस घरी, असं क्रेगने फार हसतमुखाने सांगितलं होतं. अकरा झाल्या होत्या. आज एकोणतीस तारीख.

जोडप्याने दुकानात वस्तूंची यादी करायची, पाहुण्यांनी त्यातलाच आहेर विकत घ्यायचा. एकेकाळी बॅलरॅट शहरातलं प्रत्येक लग्न आधी या काउंटरवर लागायचं आणि मग चर्चमध्ये. आताची पोरं हॉलच्या दारात एक खोटी लाकडी विहीर ठेवतात आणि पाहुण्यांना म्हणतात, पैशांची पाकिटं टाका.

दोन वाजता नवरी आली. टॅमसिन नाव. केस ओले, नाक लाल, आणि एकटीच.

"ब्रॉडी नाही येणार," ती खुर्चीत बसत म्हणाली. "खाली गाडीत फुटबॉल ऐकत बसलाय. या दुकानाचा वाससुद्धा सहन होत नाही म्हणतो. जीलाँगच्या दुकानात जाऊ म्हणून मागे लागला होता. पण माझ्या आजीची यादी इथेच झाली होती."

"नवरे नसलेलेच बरे," ग्लेनिस म्हणाली. "आले की ड्रिल मशीनपाशी हरवतात. मग माइकवरून पुकारावं लागतं."

टॅमसिन हसली. तेवढ्यात तिचा फोन थरथरला. तिने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "बघा! विचारतोय, काउंटरवर कोण आहे म्हणून." तिने मान वाकडी करून बिल्ला वाचला आणि उत्तर पाठवलं. फोन पुन्हा थरथरला. "'रॉबिन' म्हटलं, तर म्हणतो, 'मग ठीक.' माणूस आहे का काय!"

"चल, बंदूक घे," ग्लेनिस म्हणाली.

बंदूक म्हणजे वस्तूवरची बारकोडची पट्टी टिपायचं यंत्र. आवडलेल्या वस्तूवर रोखायचं, टिंग झालं की वस्तू यादीत. टॅमसिनने पहिली गोळी पिसांच्या उशांवर झाडली.

"त्या नको. कापसाच्या घे," ग्लेनिस म्हणाली. "पिसांनी शिंका येतात."

"त्याला येतात! तुम्हाला कसं कळलं?"

"निम्म्या बॅलरॅटला येतात, बाई."

पांघरूण ग्लेनिसने एक माप मोठं घ्यायला लावलं. काही माणसं थंडीतही पाय बाहेर काढून झोपतात, मग पहाटे बायकोच्या पोटऱ्यांना बर्फ लावतात, असं तिचं म्हणणं. टॅमसिन हसून हसून चादरींच्या ढिगाला टेकली. "अगदी हेच! अगदी हेच करतो!" टोस्टर चार खाचांचा घ्यायचा ठरला. काटा शेवटच्या आकड्यापर्यंत जाणारा, कारण काहींना टोस्ट कोळसा झाल्याशिवाय गोड लागत नाही.

"तुम्ही भविष्य बघता का, रॉबिन?"

"सव्वीस वर्षं टोस्टर विकतेय. तेच ते."

निळे मग टॅमसिनला फार आवडले होते. ग्लेनिसने एक मग उचलला, त्याच्या कानात बोट घालून पाहिलं आणि परत ठेवला. "कान लहान आहे. मोठ्या हाताला धरता येत नाही." मग हळूच विचारलं, "हात मोठेच असतील ना?"

"फावड्यासारखे," टॅमसिन कौतुकाने म्हणाली. "सुतारकाम करतो ना."

"सुतारकाम," ग्लेनिस म्हणाली, आणि उगाचच दुसरा मग पुसत राहिली.

चार वाजता दोघी काउंटरवर परतल्या. यादीत एक्काहत्तर वस्तू होत्या. लांबून क्रेगने अंगठा वर केला.

कॉम्प्युटरवरच्या फॉर्ममध्ये एकच चौकट उरली होती. हा प्रश्न ग्लेनिस एरवी सगळ्यात आधी विचारायची.

"दोघांच्या आयांची नावं लागतात," ती म्हणाली. "पाहुणे यादी त्यावरूनच शोधतात. नवऱ्याकडच्या आत्यांना नवरीचं नाव कधीच पाठ नसतं."

"माझी आई डेनीस." टॅमसिन थांबली. "त्याची नाही हो. तो एकोणीस वर्षांचा असताना गेली. कॅन्सरने. घरात एक फोटोसुद्धा नाही. बोलतच नाही त्याबद्दल, मग मीही विचारत नाही. रिकामी सोडा ना ती चौकट."

"यंत्र पुढे जात नाही."

"मग?"

ग्लेनिसने पडद्याकडे पाहिलं. "मग यादी रद्द करता येईल. जीलाँगला करा. तिकडेही दुकानं चांगली आहेत."

"एक्काहत्तर वस्तू? आणि तुम्ही एवढे दोन तास घातलेत, ते?" टॅमसिन फोन चाळू लागली. "थांबा. लग्नाच्या नोटिशीत त्याला आईचं नाव लिहावं लागलं होतं, त्याचा फोटो काढलाय मी. हं, सापडलं. ग्लेनिस."

खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला. एकदा, मग लांबलचक.

"आलेच रे बाबा," टॅमसिन खिडकीकडे बघून म्हणाली. "छान नाव आहे, नाही?"

"जुनं आहे," ग्लेनिस म्हणाली. तिने चौकटीत आपलं नाव घातलं, शेजारी 'हयात नाही' वर खूण केली, आणि यंत्राने टिंग करून बारावी यादी स्वीकारली.