आठशे ग्रॅम

गावित सिस्टरांनी बटण दाबलं आणि स्क्रीनवर दोनशे ठिपके उमटले. एकवीस वर्षं नर्सची नोकरी केल्यावर त्या संख्याशास्त्राच्या वर्गात बसल्या होत्या. सरावासाठी आपल्याच उपकेंद्रातल्या बाळांची जन्मवजनं त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये भरली होती. सगळे ठिपके वर दाटीवाटीनं बसले होते, एकच पार तळाशी होता.

त्यांच्या मुलाच्या वयाचे सर मागे येऊन उभे राहिले. "आठशे ग्रॅम? टाइप करताना चूक झालीय, मॅडम. ती ओळ काढून टाका. सरासरी उगाच खाली येतेय."

सिस्टरांनी माउसवरचा हात उचलला.

"चूक नाही, सर. मीच वजन केलं होतं त्याचं. सहा दिवस जगलं."

"मग राहू द्या," सर म्हणाले. "खरी नोंद काढायची नसते. मी आधी विचारायला हवं होतं."

ते गेल्यावर सिस्टरांनी ती ओळ धरून आणि वगळून, दोन्ही सरासऱ्या काढून पाहिल्या. नऊ ग्रॅमचा फरक पडला. त्या बाळाचं नावही ठेवायचं राहून गेलं होतं. सिस्टरांनी कमी आलेला आकडा वहीत लिहिला आणि पुढचं उदाहरण उघडलं.