शेवटचा रकाना

आमच्या ओळखपत्र कचेरीत जुन्या फाईलमधली नावं नव्या कॉम्प्युटरवरच्या पत्रात उतरेनात. दर वेळी शेवटच्या रकान्यापाशी गाडी अडायची. “उडव तो रकाना,” अबू हारिस साहेब खेकसले, “गुरुवारी पत्रं गेलीच पाहिजेत!” मी उडवला. मोसुल शहरभर चारशे पत्रं बिनबोभाट गेली: नव्या ओळखपत्रासाठी स्वतः हजर राहा. रविवारी नश्वानची आई आली. हातात आमचं पत्र, काखेत इस्त्रीचा सदरा. “पोरी, नऊ वर्षं तुम्हीच सांगत होतात, पोराचा पत्ता नाही. आता त्याच्या नावानं पत्र धाडलंत, म्हणजे सापडला ना? फोटोसाठी सदरा आणलाय.” बेपत्ता माणसांची खूण त्याच रकान्यात होती. मी साहेबांकडे पाहिलं. “कॉम्प्युटरची चूक म्हणून सांग,” ते कागदांत तोंड खुपसून पुटपुटले. मी बोलणार, तोच सदरा बाकावर पसरत ती म्हणाली, “घरातून उचलून नेला तेव्हा एकोणीसचा होता. अंगाला बसेल ना गं?”