सातव्या कप्प्यातला घोडेस्वार

सुंदरावहिनी चहा टाकायला आत वळल्या आणि अरविंदने टेबलावरचा अल्बम हळूच पुढे ओढला.

अल्बम चंदूचा, घर चंदूचं, आणि चंदू दात काढायला महाडला गेलेला. काल फोनवर त्याने तसं सांगितलं, तेव्हाच अरविंदच्या मनात पाप शिरलं होतं. सकाळी घाईघाईने महाडहून एसटी पकडून तो पोलादपूरला उतरला होता.

"ह्यांनी सांगितलं नाय तुम्हाला?" आतून वहिनींचा आवाज आला. "आज महाडलाच गेलेत ना!"

"विसरलो बघा, वहिनी."

"चष्मा पण नाय आज. तो पण विसरलात वाटतं!"

अरविंदने नाकाला हात लावला. खरंच, चष्मा घरीच राहिला होता.

दोघे शाळेपासूनचे मित्र, दोघे निवृत्त, आणि दोघांना खूळ एकच, रोमन नाण्यांचं. तेही एकाच चित्राचं. शिपाई भाला खुपसतोय आणि शत्रूचा स्वार घोड्यावरून कोसळतोय. बादशहाचा हुकूम एकच, पण प्रत्येक टांकसाळीतल्या कारागिराने तो स्वार आपापल्या मर्जीने पाडला होता. कुठे तो घोड्याच्या मानेला मिठी मारतो, कुठे मागे वळून हात वर करतो, कुठे सरळ जमिनीवर बसकण मारतो. खाली टांकसाळीची बारीक अक्षरं. "मेल्याला अजून किती ठिकाणी पाडणार आहात?" असं अरविंदची बायको उज्वला विचारायची.

सात टांकसाळींची रांग ठरवलेली. चंदूकडे सातही होती. अरविंदकडे सहाच, अक्विलियाचं नव्हतं. रविवारी महाडच्या वाचनालयात प्रदर्शन होतं. पुरी रांग दाराशी काचेच्या पेटीत बसणार, अपुरी मागे पाण्याच्या पिंपाशेजारी. शाळेत ज्याची गणितं आपण सोडवून दिली, तो दाराशी आणि आपण पिंपाशी, ही कल्पनाच अरविंदला सोसवेना. मागितलं असतं तर चंदूने दिलंही असतं, पण मागायला जीभ रेटेना.

सातव्या कप्प्यावर 'अक्विलिया' असं ठळक लिहिलं होतं. अरविंदने ते नाणं काढलं आणि आपल्याकडचं अँटिऑक टांकसाळीचं जास्तीचं नाणं तिथे सरकवलं. चंदूला मोतीबिंदू, त्याला काय कळतंय! चोरलेलं नाणं हाताला चांगलं जड लागलं. बोटं काळी झाली. सोळाशे वर्षांचा मळ तो! अरविंदने भक्तिभावाने बोटं रुमालाला पुसली.

मग दोन कप चहा पिऊन, वहिनींनी बळेच दिलेली कोकमं पिशवीत घालून तो स्टँडवर आला. बस उशिरा आली. महाडपर्यंत त्याचा हात खिशातून निघाला नाही.

दारातच उज्वला म्हणाली, "अहो, चंदूभावजी येऊन गेले. बराच वेळ तुमच्या अल्बमपाशी बसले होते."

"अल्बमपाशी? आणि तू?"

"ते म्हणाले, वहिनी, चहा टाका. मी टाकायला गेले."

"म्हणजे तू आत गेलीस?"

"मग चहा काय दारात करू?"

चहाला आधण येईपर्यंत माणूस काय काय करू शकतो, हे आज अरविंदइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"चोर!" तो ओरडला. "अट्टल चोर! आणि हा म्हणे मित्र!"

चष्मा चढवून त्याने अल्बम उघडला. सहाही नाणी जागच्या जागी होती. त्याने पुन्हा तपासली. मग त्याची नजर सातव्या, कायम रिकाम्या असलेल्या कप्प्यावर गेली.

कप्पा रिकामा नव्हता. आत कोसळता स्वार होता, आणि खाली स्वच्छ अक्षरांत अक्विलियाची खूण.

अरविंदने खिशातलं नाणं काढून चष्म्याखाली धरलं. कड घासून करडी पडली होती आणि अक्षरं बुजलेली होती. त्याने रुमाल नाकाशी नेला. बुटाच्या पॉलिशचा वास आला.

तेवढ्यात फोन वाजला.

"अरविंदा, मिळालं का रे?" चंदू होता. "दातबित काय नाय, थाप मारली. तू तोंडानं मागणार नायस, म्हणून गुपचूप ठेवून आलो. रविवारी तुझी रांग दाराशी पायजे. माझा कप्पा मोकळा दिसू नये म्हणून मासे धरायच्या जाळ्याचं शिसं ओतून एक बनवलं आन् वर पॉलिश फासलं."

अरविंदने शिशाचं नाणं रुमालाखाली सरकवलं.

"आन् घरी येऊन बघतो तर शिशाच्या जागी खरं नाणं! सुंदरा म्हणाली, अरविंदभावजी येऊन गेले." चंदूचा आवाज भरून आला. "माझ्या कप्प्यात शिसं तुला बघवलं नाय, व्हय ना? पदरचं नाणं ठेवून गेलास, आन् बोलला पण नायस. अरे, शाळेपासून सांगतोय मी सगळ्यांना, आपल्या दोघांची नियत एकच हाय!"