बाकावरची बॅटरी

भाऊ विमानासकट बेपत्ता होऊन दोन दिवस झाले होते. शोधपथकाने हात टेकले, बहिणीने नाही. विमानं दुरुस्तही तीच करायची, उडवायचीही तीच. भर दुपारी ती आपल्या जुन्या दोन आसनी विमानात छोट्या रेडिओसाठी राखीव बॅटरी बसवत होती. रेडिओच्या स्वतःच्या बॅटरीने कधीच मान टाकली होती.

जुनी बॅटरी तिने काढून टाकली होती, राखीव अजून कामाच्या बाकावरच होती. स्विच घट्ट बसलाय का, हे बघायला तिने तो नुसता दाबला.

रेडिओचा दिवा लागला.

“ताई, मी तळ्याच्या पलीकडे आहे. पाय मोडलाय, पण खणखणीत बोलतोय ना!”

तिने घाबरून स्विच बंद केला. दिवा विझला.

“बॅटरीची वायर राहू दे गं आता,” भाऊ म्हणाला. “आधी निघ.”