शेखचा शब्द

"बाहेर पडला की आधी खबर देणाऱ्याला शोधेल," तुरुंगाच्या अधिकाऱ्याने बजावलं होतं. पण जदानच्या आईने शेख दहामचा उंबरा सोडला नाही, तेव्हा वाळवंटातल्या टोळीचा प्रमुख म्हणून त्याने दाढीला हात लावून, म्हणजे इभ्रतीची शपथ घेऊन, हमी दिली आणि दहशतवादी म्हणून धरलेला जदान सुटला.

आज तो भरल्या बैठकीत आभार मानायला आला. शेखच्या थोरल्याने, नायफने, त्याला कॉफी दिली. जदानने पेला तसाच खाली ठेवला. पाहुण्याने असा पेला ठेवला की मागेल ते द्यायचं, ही टोळीची रीत.

"बायको मागतोय पठ्ठ्या, दुसरं काय!" दाराशी बसलेला मुतलक मेंढपाळ खो खो हसला. म्हाताऱ्याला ना मूल, ना भाऊबंद.

"पी बाळा. मागशील ते दिलं," शेख म्हणाला.

जदानने एका घोटात पेला रिकामा केला. "मला कुणी पकडून दिलं, तेवढं नाव सांगा, काका."

नायफ किटली घेऊन मागे सरला. खबर त्याने दिली होती, हे फक्त बापाला ठाऊक होतं.

 

शेखने पुन्हा दाढीला हात लावला. "मुतलकने."